लूथरची जीभ आणि तिचे साक्षीदार

मार्टिन लूथरची भाषा फटकळ होती, हे काही शत्रूंनी उठवलेले किटाळ नव्हे. पहिली कबुली त्याचीच आहे. 18 एप्रिल 1521 रोजी वर्म्सच्या राजसभेत, सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर, त्याने आपल्या पुस्तकांचे तीन गट पाडले. तिसऱ्या गटात पोपची बाजू घेणाऱ्या व्यक्तींवर लिहिलेली पुस्तके होती. त्यांत आपल्या धर्माला आणि पेशाला शोभेल त्यापेक्षा आपण जास्त कडवट झालो, असे तो म्हणाला. या भाषणाचे लॅटिन निवेदन लूथरच्याच गोटातून छापले गेले, त्यामुळे हे वाक्य विरोधकांनी घुसडले असेल अशी शंका उरत नाही. पुस्तके मात्र त्याने मागे घेतली नाहीत. आपण संत असल्याचा आव आणत नाही, वाद आपल्या वर्तनाचा नसून ख्रिस्ताच्या शिकवणीचा आहे, असा त्याचा पवित्रा होता.

चार वर्षांत हा सूर पालटला. 1525च्या मे महिन्यात त्याने बंडखोर शेतकऱ्यांना ठार मारा असे सांगणारी पुस्तिका लिहिली. 15 मे रोजी फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांची कत्तल झाली. पुस्तिका अनेकांच्या हाती पडली ती त्यानंतर. मेलेल्यांवर तोंडसुख घेतल्यासारखे ते दिसले आणि त्याचे चाहतेही हादरले. तेव्हा त्याने मान्सफेल्डचा चान्सलर कास्पर म्युलर याला उद्देशून एक खुले पत्र छापले. त्यात वर्म्सची कबुली कुठेच नाही. दया देवाच्या राज्यात, जगाच्या राज्यात तलवारच, आणि पुस्तिकेला नावे ठेवणारे बंडखोरांचेच साथीदार, असा युक्तिवाद आहे. पराभूतांना निर्दयपणे चिरडणाऱ्या सरदारांनाही त्याने सोडलेले नाही, पण त्यांच्यासाठीही शब्द तसलेच. माझ्या मते हा कागद वर्म्सच्या भाषणापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण इथे कठोरपणा ही उणीव राहत नाही, ते कर्तव्य ठरते.

त्याच वर्षाअखेर निघालेल्या ग्रंथात त्याने मानवतावादी विद्वान इरॅस्मसला असे झोडपले की 11 एप्रिल 1526 रोजी इरॅस्मसने त्याला संतापून पत्र लिहिले. लूथरच्या ज्या पत्राला हे उत्तर होते ते आज उपलब्ध नाही. उरली आहे ती दुखावलेल्याचीच बाजू.

लूथर 18 फेब्रुवारी 1546 रोजी वारला. चार दिवसांनी विटेनबर्गच्या किल्ल्यातील चर्चमध्ये त्याचा सहकारी फिलिप मेलांख्थॉन याने लॅटिनमध्ये श्रद्धांजलीपर भाषण केले. लूथर गरजेपेक्षा कठोर होता अशी तक्रार भल्या माणसांनीही केली आहे, असे त्याने तिथेच सांगितले. त्यावर वाद न घालता त्याने एक जुने मत पुढे केले: रोगच एवढा मोठा होता की देवाने या युगाला कडक वैद्य दिला. मत कोणाचे? इरॅस्मसचे. मार खाल्लेल्याचीच साक्ष बचावासाठी काढली होती!

पण मेलांख्थॉनचे हेच शेवटचे मत मानता येत नाही. एप्रिल 1548 मध्ये सॅक्सनीच्या मॉरित्सचा सल्लागार कार्लोवित्स याला लिहिलेल्या पत्रात लूथरच्या भांडखोर स्वभावापायी आपण जवळजवळ लाजिरवाणी गुलामी सोसली, असे तो लिहितो. मॉरित्स नुकताच लूथरपंथीयांविरुद्ध सम्राटाच्या बाजूने लढला होता, आणि त्याच्या दरबाराशी मेलांख्थॉनला जमवून घ्यायचे होते. तेव्हा या पत्रातले किती मनातले आणि किती वाचणाऱ्याच्या सोयीचे, हे जोखूनच ते वापरावे लागते. श्रद्धांजलीलाही तोच नियम लागू आहे. त्या दिवशी शवपेटी समोर होती.