साडेअठ्ठावीस तास

हॅम घरी करणाऱ्याचा जीव ओव्हनमध्ये अडकलेला असतो. खारवलेली डुकराची मांडी पाण्यात ठेवून मीठ उतरवायचं, मंद आचेवर ती शिजवायची, वरची कातडी सोलायची, उघड्या पडलेल्या चरबीवर शंकरपाळ्यासारख्या तिरक्या चिरा पाडायच्या, चौकटीचौकटीत लवंग टोचायची. साखर, मोहरी आणि मधाचा लेप लावायचा तो शेवटच्या अर्ध्या तासात, कारण आधी लावला तर साखर करपते. वसई, वांद्रे, गोवा इथल्या ज्या घरांत नाताळला हॅम होतं, तिथे त्या अर्ध्या तासात स्वयंपाकघरातून कोणी हलत नाही. पण एकदा का चकाकणारं हॅम बाहेर आलं, की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि ते ओट्यावर तसंच राहतं. खरी काळजी तिथून सुरू व्हायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं. तसं का वाटतं, ते १९७५ च्या फेब्रुवारीतल्या एका नाश्त्यावरून सांगते.

तो नाश्ता जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानातला. मार्ग टोकियो, अलास्कातलं अँकरेज, कोपनहेगन, पॅरिस. प्रवासी ३४४. त्यांतले बहुतेक कोका-कोलाच्या जपानमधल्या विक्री विभागातले लोक आणि त्यांचे कुटुंबीय होते. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून त्यांना पॅरिसची सहल मिळाली होती. नाश्त्याला हॅम-ऑम्लेट होतं. खाली दिलेले तास त्या नाश्त्यापासून मागे मोजलेले आहेत.

साडेअठ्ठावीस तास आधी

अँकरेजमधल्या एका खानपान कंपनीचं स्वयंपाकघर. शिजवलेल्या हॅमचे काप ऑम्लेटवर ठेवून ताटल्या लावायचं काम चाललं आहे. काम करणाऱ्या आचाऱ्यांपैकी एकाच्या उजव्या हाताच्या बोटांवर पू झालेले फोड आहेत. त्याला ते सांगण्याइतके महत्त्वाचे वाटलेले नाहीत. घरात तरी आपण बोटावरच्या फोडाचं काय करतो? चिंधी बांधतो आणि पोळ्या लाटायला लागतो. त्या माणसाचा निष्काळजीपणा म्हणून हे सोडून देणं मला पटत नाही. हातावर जखम असताना कामावर यावं लागणं आणि कोणी तिच्याबद्दल न विचारणं, ही त्या स्वयंपाकघराची पद्धत होती.

फोडातला जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. कितीतरी निरोगी माणसांच्या नाकातही तो मुक्कामाला असतो, म्हणून हात धुतले तरी त्याचा धोका पुरता टळत नाही. आणि हॅम त्याला मानवतं. कच्च्या मांसावर इतर जंतूंची इतकी गर्दी असते की याला डोकं वर काढायला जागा मिळत नाही. हॅम खारवताना मिठाने ती गर्दी हटवलेली असते आणि शिजवताना उरलीसुरली मेलेली असते. हा मात्र मिठाला दाद देत नाही. म्हणजे शिजल्यानंतर बोटाने हॅमवर तो ठेवला, की सगळं शेत एकट्याचं.

साडेअठ्ठावीस ते साडेबावीस तास आधी

सहा तास. या सगळ्या कहाणीत मी सर्वांत जास्त वेळ याच सहा तासांपाशी थांबते. ऑम्लेटं तयार होत गेली आणि स्वयंपाकघराच्या तापमानालाच राहिली. कोणी काही वावगं केलं असं तेव्हा वाटलंही नसणार, कारण शेकडो ताटल्या लावायच्या तर वेळ लागतोच.

शरीराच्या उबेइतकं तापमान मिळालं तर हा जंतू साधारण अर्ध्या तासात एकाचे दोन होतो. त्या हिशेबाने सहा तासांत एकाचे चार हजारांवर जातात. थंड खोलीत वेग कमी, पण वाढ थांबत नाही. वाढता वाढता तो अन्नात एक विष सोडतो. त्या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. हॅम तसंच गुलाबी आणि खमंग राहतं.

घरचं हॅम इथे अधिक अडचणीचं ठरू शकतं. चार-पाच किलोचा अखंड तुकडा बाहेरून गार लागला तरी आतून तासन् तास कोमट राहतो. दुपारच्या जेवणाला कापलं, उरलेलं झाकून टेबलावर ठेवलं, संध्याकाळी पाहुणे आले, पुन्हा दोन काप काढले, रात्री आवराआवर झाल्यावर फ्रीजमध्ये गेलं. मोजून पाहा. अँकरेजचे सहा तास इथे सहज भरतात. डिसेंबरातली मुंबई म्हणजे अलास्का नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं.

साडेबावीस तास आधी

ताटल्या शीतगृहात गेल्या. तिथे त्या साडेचौदा तास होत्या. एवढं ऐकलं की हायसं वाटतं, पण शीतगृहाचं तापमान होतं १० अंश. हा जंतू सुमारे ७ अंशांपासूनच वाढू लागतो. अन्न ५ अंशांच्या खाली लागतं, आणि तिथवर लवकर पोचावं लागतं. एकावर एक रचलेल्या ताटल्यांच्या मधोमध गारवा पोचायला वेळ जातो, तसाच खोल डब्यात दाबून भरलेल्या कापांनाही जातो. म्हणून उरलेलं हॅम हाडापासून सोडवून, काप करून, पसरट भांड्यांत पातळ थर देऊन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचं. सणाच्या दिवशी फ्रीज आधीच ठासून भरलेला असतो. त्याचा एक कप्पा हॅमसाठी सकाळीच मोकळा करून ठेवणं हा मी स्वयंपाकाचाच भाग मानते.

आठ तास आधी

ताटल्या विमानातल्या ओव्हनमध्ये चढवल्या गेल्या. ओव्हन बंद होते आणि त्यांना थंडावा देण्याची सोय नव्हती. विमान उत्तर ध्रुवाच्या वाटेने निघालं. प्रवासी जेवले आणि झोपले. ताटल्या आणखी आठ तास तशाच.

शून्य

३ फेब्रुवारी १९७५, सकाळ. कोपनहेगनला उतरायला सुमारे दीड तास आहे. ओव्हन सुरू झाले, ऑम्लेटं गरम झाली, ताटल्या वाटल्या गेल्या.

इथे घरोघरचा एक समज उघडा पडतो. चांगलं गरम केलं की सगळं मरतं, असं आपण धरून चालतो. जंतू मरतो हे खरं. पण त्याने आधीच सोडलेलं विष अर्धा तास उकळलं तरी टिकतं. ओव्हनने त्या सकाळी आपलं काम चोख केलं, आणि तरी ताटलीतलं विष जसंच्या तसं राहिलं. गोव्याचं सोरपोतेल दिवसेंदिवस मुरतं आणि चांगलं लागतं, मग हॅमलाच काय झालं, असं कोणी विचारेल. सोरपोतेलात व्हिनेगर असतं आणि जाणती बाई ते रोज उकळते. म्हणजे जंतूला विष करण्याइतकं वाढूच दिलं जात नाही. वाढून झाल्यावर दिलेली उकळी निरुपयोगी. हॅमवरच्या गोड लेपाकडून तर आंबटासारख्या राखणीची अपेक्षाच नको.

एक तासानंतर

विमान कोपनहेगनच्या जवळ येत असताना मळमळ, उलट्या, पोटात पिळवटून येणाऱ्या कळा सुरू झाल्या. एकापाठोपाठ एक. हे विष तयारच पोटात जातं, म्हणून त्याला दिवस लागत नाहीत, अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत कधीही ते गाठतं. १९६ प्रवासी आणि एक विमान कर्मचारी आजारी पडले. १४० हून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. डॉक्टरांना जपानी येत नव्हतं आणि रुग्णांना डॅनिश. तेव्हा शहरातल्या रेस्टॉरंटांत काम करणारी, डॅनिश जाणणारी जपानी माणसं दुभाषी म्हणून बोलावली गेली. घरच्यांसोबत सहलीला निघालेली ती माणसं परक्या गावात, परक्या भाषेत आपल्या पोटात काय होतंय ते तिसऱ्याच्या तोंडून सांगत होती. या विषाने सहसा जीव जात नाही आणि त्या प्रवाशांपैकीही कोणी दगावलं नाही, पण म्हातारी माणसं आणि लहान मुलं अशा उलट्या-जुलाबांनी फार लवकर सुकतात.

वैमानिकांनी ते ऑम्लेट खाल्लं नव्हतं. ते अँकरेजहून चढले होते, त्यांच्या शरीराच्या घड्याळात तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ होती, म्हणून त्यांनी मांसाचं जेवण घेतलं. यात कोणाची खबरदारी नव्हती. साडेतीनशेहून अधिक माणसं जमिनीवर सुखरूप उतरली ती या योगायोगावर.

पुढचे दिवस

उरलेल्या ऑम्लेटांतल्या हॅममध्ये जंतू आणि विष दोन्ही सापडलं. रुग्णांकडून मिळालेला जंतू, हॅममधला जंतू आणि आचाऱ्याच्या बोटावरच्या फोडातला जंतू एकाच प्रकारचा निघाला. त्याच्या हाताखालून सुमारे दोनशे ऑम्लेटं गेली होती आणि आजारी पडलेल्यांच्या ताटल्या जवळजवळ सगळ्या त्यांतल्याच होत्या. तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष असा, की फोड असूनही अन्न पहिल्यापासून नीट थंड ठेवलं असतं तर हे घडलं नसतं. खानपान कंपनीच्या अँकरेजमधल्या व्यवस्थापकाने या घटनेनंतर आत्महत्या केली.

हातावर जखम असलेल्याने अन्नाला हात लावू नये, अन्न थंड ठेवावं, आणि विमान चालवणाऱ्यांनी एकाच आचाऱ्याच्या हातचं एकच जेवण घेऊ नये, अशा शिफारशी तपासातून पुढे आल्या.