कुंभकोणमचे माधवराव आणि मिठाचा दर

तमिळनाडूत कुंभकोणम शहराच्या दक्षिणेस साक्कोट्टै हे गाव आहे. हा सारा मुलूख १७९९ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या अमलाखाली होता. राज्यकारभारानिमित्त आलेली अनेक मराठी घराणी येथेच स्थिरावली. अशाच एका घराण्यात १८२८ साली कुंभकोणम येथे सर टी. माधवराव यांचा जन्म झाला. बडोद्याचे दिवाण म्हणून ते आपणांस परिचित आहेत. परंतु खुल्या व्यापाराने कोणाचे भले होते, या आजच्या वादाच्या दृष्टीने त्यांची त्रावणकोरमधील कारकीर्द (१८५८–१८७२) मला अधिक उद्बोधक वाटते.

त्रावणकोरची मिरी जगाच्या बाजारात जात असे. पण तिचा मक्ता सरकारकडे होता. शेतकऱ्याला आपला माल सरकारी भावाने सरकारलाच द्यावा लागे. माधवरावांनी १८६० साली हा मक्ता रद्द करून निर्यातीवर जकात बसविली. तंबाखूचा मक्ताही पुढे उठला. शेतकरी आणि व्यापारी या दोघांनाही बाजार मोकळा झाला.

१८६५ साली ब्रिटिश सरकार, त्रावणकोर व कोचीन यांच्यात व्यापारविषयक करार झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातून येणाऱ्या मालावरील जकात बहुतांशी उठली. मात्र परदेशी मालावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या दरानेच जकात घ्यावी आणि मीठही तेथील दरानेच विकावे, अशा अटी त्यात होत्या. जकातीच्या तुटीपोटी संस्थानाला भरपाई मिळाली. मीठ विकत घेणाऱ्या मजुरासाठी करारात काहीच नव्हते. त्याच्या कांजीतील मिठाचा दर यापुढे त्रिवेंद्रमच्या हाती राहिला नाही.

यासाठी माधवरावांना दोषी धरणे मला उचित वाटत नाही. गैरकारभाराच्या सबबीवर संस्थान खालसा करण्याची धमकी १८५५ साली येऊन गेली होती. भरलेला खजिना आणि इंग्रजांची मर्जी यांवरच राज्याचे अस्तित्व अवलंबून होते. दुर्बळ पक्ष वाटाघाटीस बसतो तेव्हा सवलतीबरोबर अटही पदरात घेतो.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाल्यापासून असे करार देशोदेशींच्या प्रशासनाच्या नित्य परिचयाचे झाले आहेत. त्यांच्या टिपणात महसूल किती बुडेल आणि निर्यात किती वाढेल, याचा हिशेब असतोच. व्यापारी निवेदन देतात, खजिन्याची बाजू वित्त विभाग मांडतो. मीठ खाणाऱ्याचे निवेदन मात्र टेबलावर येत नाही. ते टिपणात आपणहून लिहिणे हे अधिकाऱ्याचेच काम आहे, असे मी मानतो.