गुरं कुठे न्यायची?

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा बोट दारात येऊनही काही माणसं घर सोडायला तयार नव्हती. गोठ्यात म्हैस होती, आणि म्हैस काही बोटीत बसत नाही. अशा माणसांना आपण चटकन हट्टी म्हणून मोकळे होतो. आज हा प्रश्न आपण बांगलादेशात जाऊन बघणार आहोत, कारण तिथे पन्नास वर्षांपूर्वीच त्याला एक साधं, मातीचं उत्तर मिळालं होतं.

12 नोव्हेंबर 1970 ची रात्र. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ धडकलं. निदान तीन लाख माणसं गेली असं मानतात. गुरंही लाखांनी वाहून गेली. आता गुरं गेली म्हणजे काय गेलं? वाचलेल्या शेतकऱ्याचा पुढच्या हंगामाचा नांगरच गेला.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर, 1972 मध्ये, तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. सरकार आणि रेड क्रॉस सोबत होते, पण कणा होता गावातल्या स्वयंसेवकांचा. कर्णा घेऊन वाडीवाडीत इशारा द्यायचा तो त्यांनीच. पण इशारा मिळाल्यावर गुरं न्यायची कुठे? त्यासाठी किनाऱ्यावर मातीची उंच टेकाडं उभारली गेली. शेख मुजिबुर रहमान यांच्या नावावरून त्यांना ‘मुजिब किल्ला’ म्हणू लागले. आपल्याला किल्ला म्हटलं की बुरूज आठवतो. इथे तसलं काही नाही. नुसता मातीचा भराव. पाणी चढलं की गुरं वर, त्यांच्यामागे माणसंही वर.

1975 मध्ये मुजिब यांची हत्या झाली, आणि पुढे या टेकाडांकडे दुर्लक्षच झालं. काही झिजली, काहींवर वस्ती झाली. मग आली 29 एप्रिल 1991 ची रात्र. सुमारे 1 लाख 38 हजार बळी. इशारा पोचला नव्हता असं नाही, अनेकांना तो मिळाला होता. निवारे अपुरे होते, आधीचे काही इशारे फुकट गेले होते, ही कारणं खरीच. पण घर-गुरं टाकून जायचं कसं, हेही एक कारण होतं, आणि आमच्या मते त्याला अज्ञान म्हणणं अन्यायाचं आहे.

त्यानंतरच्या अनेक निवाऱ्यांत गुरांसाठी वेगळी जागा ठेवली गेली. तिथवर जायला पायऱ्या नाहीत, उतार केलाय. गाय जिना चढत नाही, हे गावात कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.