मोगलीची नदी आपल्या दारातून वाहते

#थ्रेड

१/
१९९३ साल. रविवारची सकाळ. दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ लागण्याची वेळ झाली की ज्या घरी टीव्ही असे त्या घरात शेजारपाजारची मुले दाटीवाटीने बसत. मोगली, बगीरा, बल्लू, का आणि शेरखान ही नावे त्या पिढीला आजही शाळासोबत्यांच्या नावांसारखी पाठ आहेत. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना तेव्हा एक गोष्ट कुणी सांगितली नाही: मोगलीच्या कथेतली नदी आपल्याच दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. आजचा थ्रेड त्या नदीविषयी आणि त्या आठवणीविषयी.

२/
आधी मालिकेची कुळकथा पाहू. ती तयार झाली जपानमध्ये. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९-९० मध्ये तिचे ५२ भाग काढले. दूरदर्शनने ती हिंदीत आणली तेव्हा नवे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. म्हणजे चित्र जपानी, भाषा हिंदी, वाघाचा आवाज मुरुड-जंजिऱ्याच्या माणसाचा. आणि ऐकणारी मुले घरी झाडीबोली, गोंडी किंवा माडिया बोलणारी.

३/
मूळ कथा रुडयार्ड किपलिंगची. जन्म मुंबईचा (१८६५), तरुणपणीची पत्रकारिता लाहोर आणि अलाहाबादची. ‘द जंगल बुक’ (१८९४) मात्र त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्फाच्या प्रदेशात बसून लिहिले. सिवनीच्या अरण्याचे तपशील त्याला पुरवले ते मुख्यतः रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या ‘सिवनी’ या १८७७ च्या पुस्तकाने. मोगलीचे जंगल आधी कागदावरून कागदावर उतरले, मग पडद्यावर आले.

४/
किपलिंगच्या पुस्तकात नदीचे नाव स्पष्ट आहे: वैनगंगा. शेरखान म्हशींच्या टापांखाली मरतो तो वैनगंगेच्या कोरड्या घळीत. ‘रेड डॉग’ या कथेत रानकुत्र्यांच्या टोळीचा नाश होतो तोही वैनगंगेच्याच कड्यांमध्ये. ही नदी सिवनी जिल्ह्यात उगम पावते. बालाघाट, गोंदिया, भंडारा असा प्रवास करत ती खाली येते आणि चंद्रपूर व गडचिरोली यांची सीमा होते. मार्कंड्याच्या देवळांपाशी ती उत्तरवाहिनी होते, चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता बनते, आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत विसावते.

५/
मूल-गडचिरोली रस्त्यावरचा वैनगंगेचा पूल आपल्यापैकी कितीजणांनी एसटीतून ओलांडला असेल! त्या खिडकीतून दिसणारे पाणी मोगलीच्या गावावरून आलेले आहे, हे ठाऊक असते तर टीव्हीपुढे बसलेल्या त्या मुलाला स्वतःच्या जिल्ह्याकडे पाहण्याची वेगळी दृष्टी मिळाली असती. आपल्या नदीची कथा आपल्यापर्यंत व्हरमाँट, टोकियो आणि दिल्ली असा वळसा घालून आली, आणि पोहोचेपर्यंत तिच्यावरचा पत्ता पुसला गेला होता.

६/
पत्त्याबरोबर आणखी काय पुसले गेले? माणसे. किपलिंगच्या कथांत गोंड येतात, पण क्षणभर. एका कथेत गावावर संकट आले म्हणून गोंडांच्या मुखियाला सल्ल्यासाठी बोलावतात. दुसऱ्या एका कथेत गोंड शिकाऱ्याच्या पावलांचा माग निघतो. या भूमीचे मूळ धनी तेच, हे लेखक स्वतः मान्य करतो, आणि तरीही कथेचा नायक लांडग्यांनी वाढवलेला परका मुलगा ठरतो. ज्या समाजाच्या राजांनी चांदागडावरून शतकानुशतके राज्य केले, तो समाज या अरण्यकथेत पाहुण्यासारखा येऊन जातो.

७/
आता एक गोष्ट, जी कार्टूनने सांगितली नाही. मोगली मोठा झाल्यावर काय झाला? किपलिंगने ते १८९३ मध्येच, म्हणजे ‘जंगल बुक’च्याही आधी, ‘इन द रुख’ या कथेत लिहून ठेवले होते. मोगली वनखात्यात गार्ड झाला! म्युलर नावाचा जर्मन वनाधिकारी त्याला नोकरी देतो. कामे अशी: वाघांच्या हालचाली कळवणे, वणव्याची खबर देणे, आणि परवानगीविना जंगलात चरणाऱ्या गावकऱ्यांच्या शेळ्या हुसकावणे. मोबदला मासिक पगार आणि शेवटी पेन्शन.

८/
हा प्रसंग गमतीदार वाटतो; त्यामागे कायदा उभा आहे. १८६४ मध्ये सरकारने वनखाते उभारले आणि त्याचे पहिले महानिरीक्षक नेमले तेही एक जर्मन, डीट्रिख ब्रँडिस. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ अशी वर्गवारी केली. राखीव जंगलात चराई, लाकूडफाटा, मोहफुले या गोष्टी हक्क न राहता सवलती झाल्या, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. मोगली ज्या शेळ्या हाकलतो त्या याच कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या शेळ्या आहेत.

९/
म्हणून त्या कार्टूनचा नकाशा पुन्हा पाहावा. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि मधल्या रेषेवर उभा मोगली. ही रेषा आपल्याला निसर्गानेच आखलेली वाटते. गडचिरोलीच्या माडिया गावाला ती तशी कधीच दिसली नसती. तिथे घर, शेत, मोहाचे झाड, देवराई आणि घनदाट रान ही एकाच अंगणाची टोके होती. मधली रेषा कायद्याने आखली, कथेने ती सुंदर केली, आणि कार्टूनने ती लहान मुलांच्या मनात नेऊन ठेवली.

१०/
माणूस आणि वाघ यांच्या झुंजीची एक कथा आपल्याकडेही आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी लढताना मृत्यू पावला, लोकांनी त्याला देव मानले आणि त्याच्या नावावरून तलावाला व जंगलाला ताडोबा नाव पडले, असे परंपरा सांगते. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. शेरखान मरतो आणि मोगली जिंकतो. इथे माणूस हरतो, वाघ राहतो, आणि हरलेला माणूस त्या रानाचा राखणदार देव होतो. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तारूचे कार्टून मात्र अजून कुणी काढलेले नाही.

११/
हा फरक केवळ लोककथेचा नाही. आज ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात. शहरातला प्रेक्षक अशी बातमी वाचताना एक तर वाघाला शेरखान ठरवतो, नाही तर माणसाला घुसखोर. दोन्ही प्रतिक्रिया त्या जुन्या नकाशातूनच येतात. ज्यांच्या शिवारात वाघ वावरतो ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या वाघदेवाला पुजत आली आहेत. त्यांना भीतीही ठाऊक आहे आणि शेजारही.

१२/
त्या रेषेला अलीकडच्या काळात सर्वांत ठाम उत्तर दिले ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. १८७८ मध्ये सवलत झालेली गोष्ट पुन्हा हक्क झाली. मोगलीला वनखात्याची नोकरी मिळाली होती. मेंढ्याच्या ग्रामसभेला जंगलाचा कारभार मिळाला.

१३/
एक कबुली. मी १९९३ नंतर जन्मलो. माझी मोगलीची आठवण उसनी आहे: थोडी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेली, थोडी २०१६ ची. त्या वर्षी डिस्नेचा नवा चित्रपट हिंदीत आला तेव्हा जुने शीर्षकगीत प्रसिद्धीसाठी नव्याने केले गेले आणि शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज मिळाला. बालपण परत विकता येते, हे बाजाराला नीट कळलेले आहे. म्हणून आठवणींची लाज बाळगावी असे मी म्हणणार नाही. मलाही ते गीत ऐकले की बरे वाटते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने फक्त एवढे विचारावे, की या आठवणीत कोण आहे आणि कोण नाही.

१४/
मंडळी, एक विनंती. घरातल्या आजी-आजोबांना वाघाची, रानाची, वैनगंगेच्या पुराची एखादी गोष्ट विचारा. झाडीबोलीत, गोंडीत, माडियात, जशी सांगतील तशी, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. गावाचे नाव आणि साल टाका. मोगलीला सांगणारे पुष्कळ मिळाले. तारूची गोष्ट सांगणारे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.