केडगावची पंडिता

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या शाळेतल्या मुलींना ठाऊक असते ते साधारण शारदा सदनापर्यंत. अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या, संस्कृतची विदुषी, कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवलेली, विधवांसाठी शाळा काढणारी, एवढे पाठ असते. त्यानंतर ओळ तुटते. एका इयत्तेत हा धडा संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, ‘‘बाई, मग पुढे त्यांनी काय केलं?’’ पुढची पंचवीस वर्षे त्यांनी केडगावात काढली, हे उत्तर खरे आहे. पण त्या पंचवीस वर्षांचे मर्म त्यांच्या श्रद्धेत होते, आणि नेमके तेच सांगायला आपण मराठी माणसे कचरतो. सुजाण वाचकांनी हा संकोच थोडा वेळ बाजूला ठेवावा, अशी विनंती आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडिलांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत हिंडू लागले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी चालली. या वाटचालीचा विसर पडला, तर केडगावचा अर्थ लागत नाही.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ च्या प्रारंभी तेही गेले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर आयोगापुढील साक्ष, आणि पुढील वर्षी विलायत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्राला हे मानवले नाही. मात्र ज्यांनी त्यांना दीक्षा दिली, त्यांनाही रमाबाई पुरत्या मानवल्या नाहीत. इंग्रज भगिनी आणि धर्मगुरू त्यांना आज्ञाधारकपणा शिकवू पाहत होते; या बाईंनी पत्रांतून त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद मांडला आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हाती देण्यास नकार दिला. वडिलांनी शिकवलेला शास्त्रार्थ त्यांनी धर्म बदलला तरी सोडला नाही, असे मला वाटते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढे ते पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, याच सदनाच्या विद्यार्थिनी. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून १८९३ मध्ये वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतिदारही सल्लागार मंडळातून दूर झाले. वाद केवळ गैरसमजाचा होता असे म्हणता येत नाही. रमाबाई सक्ती करीत नव्हत्या, पण आपली प्रार्थना दार लावून करावी हेही त्यांना मान्य नव्हते. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी काही गमवावे लागणार होते, आणि ते गमावले गेले.

१९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या म्हणतात ते लक्षात घेण्याजोगे आहे: बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, तो सापडायला आणखी काही वर्षे लागली. भक्तिमार्गाशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपले आईवडील ज्या भुकेने गेले, तीच भूक त्यांनी रस्त्यावरच्या मुलींच्या डोळ्यांत पाहिली. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात जागा नव्हती; म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू पडले. त्यातून ‘मुक्ती’ उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, तेलघाणी, माग, छापखाना, अंध मुलींचे वर्ग. हे सर्व स्त्रियांच्या हाती. ‘मुक्ती’ला ठरावीक उत्पन्न असे नव्हते. देणग्या येत, कधी न येत, आणि प्रार्थनेवर भिस्त ठेवून दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक ठरे.

रमाबाई दीक्षित धर्मोपदेशक नव्हत्या. स्त्रीला ते पद देणारे तेव्हा फार थोडे. पण त्या खेड्यातल्या मंडळीची धुरा प्रत्यक्षात त्याच वाहत होत्या. १९०३ मध्ये त्यांनी मनोरमा आणि अमेरिकी सहकारी मिनी एब्रम्स यांना ऑस्ट्रेलियात तेथील धर्मजागृती पाहण्यास पाठवले. वेल्समधील जागृतीची वार्ता आल्यावर जानेवारी १९०५ पासून केडगावात प्रार्थनेचे गट बसू लागले. आरंभी सत्तरएक जणी, पुढे पाचशेंवर. जूनअखेरीस एका रात्री एका मुलीला आपल्याभोवती अग्नी असल्याचा अनुभव आला, आणि त्यानंतर शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपले अपराध बोलू लागल्या. पुढील वर्षी अनोळखी भाषांत बोलण्याचे प्रकारही घडले.

इतिहास शिकवणाऱ्याला हे प्रकरण अवघड जाते. काही मिशनऱ्यांनीही त्याला अतिरेक म्हटले. रमाबाई स्वतः कधी अनोळखी भाषेत बोलल्या नाहीत. पण बोलणाऱ्यांना थांबवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांनी धरले, आणि हीच खूण खरी असा आग्रहही धरला नाही. एरवी ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती अशा अनाथ, विधवा, दुष्काळातून आलेल्या मुली येथे आवाज चढवून देवाशी बोलत होत्या, आणि एवढ्या मोठ्या विदुषीने त्यांच्या बोलण्याला व्याकरण लावले नाही. मला स्वतःला त्यांच्या पांडित्यापेक्षा हा संयम अधिक विलक्षण वाटतो.

पेंटेकॉस्ट चळवळीचा उगम बहुधा लॉस एंजेलिसच्या अझुसा मार्गावर, एप्रिल १९०६ पासून सांगितला जातो. केडगावची जागृती त्याआधीची. मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याची प्रत त्यांनी दक्षिण अमेरिकेतील चिली देशात आपल्या जुन्या मैत्रिणीला, एका मेथडिस्ट पाळकाच्या पत्नीला, धाडली. १९०९ मध्ये वाल्पाराइसो येथील त्या मंडळीत जी जागृती झाली, तिच्यातून चिलीतील पेंटेकॉस्ट मंडळ्या वाढल्या. दौंड तालुक्यातील एका खेड्याची ही वाट इतक्या दूर जाते, हे आपल्या पाठ्यक्रमात नाही.

१९०४ च्या सुमारास रमाबाईंनी अखेरचे मोठे काम हाती घेतले. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत संपूर्ण अनुवाद करू लागल्या. संस्कृतनेच जिला पदव्या दिल्या, तिने बोलीसाठी हे कष्ट घ्यावेत! जुळारीचे काम ‘मुक्ती’तील मुलींनी केले. १९१९ मध्ये त्यांना सरकारी कैसर-इ-हिंद पदक मिळाले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या; आईने काम चालू ठेवले. अखेरची मुद्रिते तपासून होताच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले, असे सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये तेथल्याच छापखान्यातून बाहेर पडला. ‘मुक्ती’ संस्था आजही केडगावात चालू आहे.