प्लेगच्या वॉर्डात भ्यायचे कशाला?

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईतील सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला होता आणि रोग्यांना सक्तीने हलवण्याचा हुकूम निघाला होता. तिथे गेलेला परत येत नाही, अशी लोकांची समजूत. आत काम करणाऱ्यांना भीती दुहेरी : बाहेर जमाव, आत रोग.

प्लेगचा जंतू अनोळखी नव्हता. येर्सिनने तो १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसात शिरतो कसा, हे कळले नव्हते. गटारे, जमीन, कोंदट हवा, कपडे, सगळ्यांवरच संशय. म्हणून भिंतींना चुना आणि जिकडेतिकडे कार्बोलिक. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन लस तयार करत होते. त्यांच्या एका सहायकाचे मन पार खचले, दोघे काम सोडून गेले. त्यांना भित्रे कसे म्हणावे? शत्रू कोणत्या दाराने येतो तेच ठाऊक नसेल तर पहारा तरी कुठे करायचा?

मग एक कोडे पुढे आले. गाठीच्या प्लेगच्या रोग्यांची दिवसरात्र शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आणि वॉर्डातले नोकर क्वचितच आजारी पडत. रोग्याच्या घरापेक्षा प्लेगचे रुग्णालयच सुरक्षित! असे का, हे वर्गात आधी विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.

उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेले शरीर सोडतात आणि माणसाला चावतात. मांडवीच्या धान्याच्या वखारींत उंदरांना तोटा नव्हता. स्वच्छ वॉर्डात ते नव्हते. गाठीचा प्लेग रोग्याला नुसता स्पर्श केल्याने सहसा पसरत नाही. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून थेट पसरतो. म्हणजे खरा धोका गाठीला हात लावण्यात नव्हता, खोकणाऱ्या रोग्यावर वाकण्यात होता.

पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये पिसवांकडे बोट दाखवले, पण फारसे कोणी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईतच प्लेगच्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले गेले. पिसवा शिरणार नाहीत अशा बारीक जाळीतले प्राणी वाचले, उघड्या पिंजऱ्यांतले मेले.

आर्थर रोडचे ते रुग्णालय आता कस्तुरबा म्हणून ओळखले जाते. मार्च २०२० मध्ये मुंबईतले करोनाचे पहिले रुग्ण तिथेच दाखल झाले. विषाणू काही आठवड्यांतच ओळखला गेला होता. तो हवेतून किती पसरतो याचा वाद मात्र पुढे बरेच महिने चालला, आणि आपण तोवर भाजी धूत बसलो होतो.