सॉल्टेर

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशरमधील गिरणीगाव, ब्रॅडफर्ड शहराच्या वायव्येस. एअर नदी व लीड्स-लिव्हरपूल कालवा येथून वाहतात. अल्पाका लोकरीच्या कापडावर गब्बर झालेल्या टायटस सॉल्टने (१८०३–७६) ब्रॅडफर्डमधील विखुरलेले कारखाने एका छपराखाली आणण्यासाठी ते वसवले. लॉकवुड आणि मॉसन या वास्तुशिल्पींनी जवळजवळ सगळे गाव एकाच हाताने, इटालियन धाटणीत उभारले.

गिरणी २० सप्टेंबर १८५३ रोजी, म्हणजे मालकाच्या पन्नासाव्या वाढदिवशी, सुरू झाली. तिची दर्शनी बाजू ५४५ फूट लांब आहे. उद्घाटनाच्या मेजवानीला सुमारे साडेतीन हजार पाने उठली, तीही लोकर विंचरायच्या शेडमध्ये. १८६८च्या नव्या गिरणीचे धुराडे व्हेनिसमधील फ्रारी चर्चच्या घंटाघरासारखे आहे. धुराड्यावर एवढी हौस क्वचितच कोणी केली असेल.

चर्च (१८५९) गिरणीच्या कचेरीसमोरच आहे. गोल देवडी, तिच्यावर मनोरा आणि बाजूला सॉल्ट घराण्याची समाधी. व्हिक्टोरिया रस्त्यावर शाळा आणि सभागृह समोरासमोर असून त्यांच्या आवारांत थॉमस मिल्न्सने घडवलेले चार दगडी सिंह बसलेले आहेत. युद्ध, शांती, दक्षता, निर्धार अशी त्यांची नावे. ते मुळात लंडनच्या ट्रॅफल्गार चौकासाठी होते, असे गावकरी सांगतात.

आठशेवर घरांच्या चाळींतून गिरणीतली उतरंड वाचता येते: कामगारांची घरे साधी, मुकादमांची मोठी. घरोघरी पाणी, गॅस आणि परसात स्वतंत्र शौचकूप होते. त्या काळी ब्रॅडफर्डच्या मजुराला हे स्वप्नच. गल्ल्यांना मालकाच्या पत्नीची व मुलांची नावे आहेत. वृद्धांसाठी ४५ घरे बांधली; सार्वजनिक धुलाईघर मात्र पुढे पाडले गेले. दारूच्या गुत्त्याला सॉल्टने थाराच दिला नाही. फार पुढे येथे निघालेल्या एका बारने ‘डोन्ट टेल टायटस’ हे नाव घेऊन त्याचा वचपा काढला.

गिरणीतील कापड उत्पादन १९८६ मध्ये बंद पडले. पुढच्याच वर्षी जॉनथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली. ब्रॅडफर्डचेच चित्रकार डेव्हिड हॉकनी यांची चित्रे आता तेथे पाहायला मिळतात. २००१ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

व्यवसाय : दुकाने, उपाहारगृहे, पर्यटन. रेल्वे स्थानक १९६५ मध्ये बंद, १९८४ पासून पुन्हा सुरू.